ॲनिमेशनपटांतले स्टारचे आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच असतो: "हा आवाज कुणाचा?" घाई असेल तर थेट प्रश्न ७ वर जा. बाकीचे प्रश्न सोप्याकडून अडचणीच्या प्रश्नांकडे असे लावले आहेत. या पानावर 'मूळ आवाज' म्हणजे चित्रपट ज्या भाषेत बनला त्या भाषेतला आवाज, आणि 'डब' म्हणजे नंतर दुसऱ्या भाषेत चढवलेला आवाज.

१. आधी चित्र हलतं की आधी आवाज रेकॉर्ड होतो?

मूळ भाषेत आधी आवाज. स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंग दाखवणारी, स्थिर चित्रं ओळीनं लावून एक कच्चा चित्रपट तयार करतात आणि त्यावर संवाद पक्के होतात. मग कलाकार बूथमध्ये येतो, आणि त्याच्या बोलण्यावर ॲनिमेटर पात्र हलवतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. कुठला वर्ण कितव्या फ्रेमला सुरू होतो याचा तक्ता मांडला जातो. तोंडाचे आठ-दहा आकार बहुतेक बोलण्याला पुरतात. ओठ मिटण्याचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी दिला तर डोळ्याला बरोबर वाटतो. तेवढाच उशिरा आला की लगेच खटकतो.

बूथमध्ये कलाकाराचा व्हिडिओही घेतात. त्याची भुवई उडवायची सवय, बोलताना मान तिरकी करणं, हे ॲनिमेटर त्यातून उचलतात. पात्र 'अगदी त्याच्यासारखं दिसतं' असं चाहत्यांना वाटतं ते उगाच नव्हे. जपानमध्ये मात्र पुष्कळदा उलट चालतं: चित्र आधी आणि आवाज नंतर.

२. स्टार ठरेपर्यंत पात्र कुणाच्या आवाजात बोलत असतं?

स्टुडिओतल्याच कुणाच्या तरी. लेखक, स्टोरीबोर्डवाले, संकलक, जो मोकळा असेल तो. याला 'स्क्रॅच ट्रॅक' म्हणतात. हा आवाज फेकून द्यायचाच असतो, पण कधी तो इतका चपखल बसतो की स्टार शोधणंच थांबतं. 'द इन्क्रेडिबल्स' (२००४) मधली कपडे शिवणारी ठेंगणी एडना मोड हा खुद्द दिग्दर्शक ब्रॅड बर्डचा आवाज आहे. 'मॉन्स्टर्स, इंक.' (२००१) मधली कुरकुरी रॉझ म्हणजे बॉब पीटरसन, जो मूळचा लेखक आणि स्टोरीबोर्डवाला.

३. सगळे कलाकार एकत्र उभे राहून संवाद म्हणतात का? किती दिवस लागतात?

बहुतेक वेळा नाही. प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या आणि आवाज एकमेकांवर चढले तर संकलन अवघड, म्हणून एकेकाला बोलावतात. समोरच्या पात्राच्या ओळी दिग्दर्शक किंवा एखादा वाचक म्हणतो. दोन जिवलग मित्रांचा संवाद पाहताना तुम्ही हसता, तेव्हा ते दोघं प्रत्यक्षात भेटलेलेही नसतील.

अपवाद मात्र छान आहेत. 'मॉन्स्टर्स, इंक.'साठी बिली क्रिस्टल आणि जॉन गुडमन यांनी एकत्र रेकॉर्डिंग केलं. 'फँटॅस्टिक मिस्टर फॉक्स' (२००९) साठी जॉर्ज क्लूनी आणि मंडळींना शेतावर नेऊन उघड्यावर रेकॉर्ड केलं. 'रँगो' (२०११) मध्ये तर जॉनी डेप आणि बाकीच्यांनी हातात सामान घेऊन, नाटकासारखं वावरत प्रसंग केले.

वेळेचं म्हणाल तर एक बैठक काही तासांचीच असते, पण कथा बदलत राहते म्हणून अशा बैठका दोन-तीन वर्षांत विखुरलेल्या असतात. ओरडण्याचे, किंचाळण्याचे, मार खाण्याचे आवाज बैठकीच्या शेवटी घेतात. आधी घेतले तर घसा बसतो आणि उरलेल्या ओळी वाया जातात.

४. उत्तम व्हॉइस आर्टिस्ट असताना स्टार कशाला घेतात?

नाव विकलं जातं म्हणून. पोस्टर, मुलाखती, ट्रेलर या सगळ्याला ओळखीचा चेहरा लागतो, जरी चित्रपटात तो चेहरा दिसणार नसला तरी. हे नेहमीच असं नव्हतं. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'ला आवाज देणाऱ्या ॲड्रियाना कॅसेलॉटीचं नाव श्रेयनामावलीतही नव्हतं. १९६७ च्या 'जंगल बुक'मध्ये फिल हॅरिस, लुई प्रिमा अशी नावाजलेली मंडळी होती. पण खरा उंबरठा ओलांडला तो १९९२ मध्ये, 'अलादीन'च्या जिनीनं.

रॉबिन विल्यम्सनं त्या जिनीसाठी सुमारे १६ तासांचं उत्स्फूर्त बोलणं रेकॉर्ड केलं आणि ॲनिमेटरांनी त्यातून निवडून पात्र घडवलं. गंमत अशी की त्याला स्वतःच्या नावाची जाहिरात नकोच होती. नेहमीपेक्षा फार कमी मानधन घेताना त्यानं अट घातली होती की आपला आवाज वस्तू विकायला वापरायचा नाही आणि पोस्टरवर जिनीनं पाव भागाहून जास्त जागा घ्यायची नाही. अटी पाळल्या गेल्या नाहीत, असं म्हणून तो रागावला. १९९४ च्या दुसऱ्या भागात जिनीला डॅन कॅस्टेलॅनेटाचा आवाज मिळाला. स्टुडिओनं जाहीर माफी मागितल्यावर १९९६ च्या तिसऱ्या भागात विल्यम्स परतला.

स्टार घेतल्यानं चित्रपट आपोआप चांगला होत नाही. चेहऱ्याच्या जोरावर अभिनय करणारा कलाकार बूथमध्ये सपाट वाटू शकतो, कारण तिथे डोळे कामाला येत नाहीत. ज्याचा आवाज डोळे मिटून ऐकला तरी तीन ओळींत माणूस उभा राहतो, तोच इथे टिकतो. चित्रपटात फक्त स्टारचं नाव 'ऐकू' येत असेल आणि पात्र ऐकू येत नसेल, तर निवड चुकली असं खुशाल समजा.

५. हिंदीत शाहरुखचा आवाज आहे, मग मूळ कलाकाराच्या आवाजाचं काय होतं?

तो पूर्ण निघतो. डबिंगसाठी स्टुडिओ संवाद वगळलेला ट्रॅक पाठवतो, ज्यात फक्त संगीत आणि इतर आवाज असतात. म्हणून नुसत्या ओळी म्हणून भागत नाही. धापा, उसासे, ठेच लागल्यावरचं 'आई गं', सगळं नव्यानं करावं लागतं. डब फसतो तो अनेकदा इथेच: संवाद उत्तम, पण पात्र पळतंय आणि श्वास शांत.

'द इन्क्रेडिबल्स'च्या हिंदी आवृत्तीत, म्हणजे 'हम हैं लाजवाब'मध्ये, बापाला शाहरुख खाननं आणि पळणाऱ्या मुलाला शाहरुखचा मुलगा आर्यननं आवाज दिला. तीच जोडी २०१९ च्या 'द लायन किंग'मध्ये मुफासा आणि सिंबा झाली, आणि २०२४ च्या 'मुफासा'त धाकटा अबरामही आला. त्याच चित्रपटात तेलुगू मुफासा महेश बाबू होता. 'फ्रोझन २'च्या हिंदीत एल्सा आणि ॲना या बहिणींना प्रियांका आणि परिणीती चोप्रा या चुलत बहिणींचे आवाज होते.

चाहत्यांच्या उत्साहाचा सगळ्यात गोड नमुना शेर खानचा. दूरदर्शनवर नव्वदच्या दशकात आलेल्या 'जंगल बुक' मालिकेत तो नाना पाटेकर यांच्या आवाजात गुरगुरायचा. २०१६ च्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही शेर खान नानाच होते. मालिका पाहून मोठी झालेली पिढी तो आवाज ऐकायलाच चित्रपटगृहात गेली.

६. डबमध्ये ओठ कसे जुळवतात? शब्द बदलतात का?

बदलतात, आणि बदलायलाच हवेत. दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. पहिली, ओठ मिटणारे वर्ण: प, फ, ब, भ, म. क्लोजअपमध्ये पात्राचे ओठ मिटून वाक्य संपत असेल तर तिथे 'थांब' चालेल, 'उभा राहा' चालणार नाही, कारण 'हा' म्हणताना तोंड उघडं राहतं. लांबच्या शॉटमध्ये एवढं कुणी बघत नाही. तिथे लांबी जुळली की पुरे.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. मराठी-हिंदीत क्रियापद आणि नकार शेवटी येतो, इंग्रजीत आधी. पात्रानं वाक्याच्या सुरुवातीलाच मान हलवून 'नाही' म्हटलं असेल आणि आपण 'मी तुला सोडून जाणार नाही' असं सरळ भाषांतर केलं, तर मान एकीकडे आणि नकार दुसरीकडे. म्हणून संवादलेखक लिहितो, 'नाही! तुला सोडून मी जायचा नाही.' चांगल्या डबचं श्रेय स्टारला मिळतं, पण निम्मं काम या लेखकाचं असतं.

७. मी पाहतोय त्या आवृत्तीत नेमका कुणाचा आवाज आहे, हे कसं शोधायचं?

आधी ऑडिओची भाषा तपासा. पुष्कळ जण हिंदी ऑडिओवर चित्रपट पाहतात आणि इंटरनेटवर मूळ कलाकारांची यादी वाचून वाद घालतात. मग श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहा. मुख्य यादी मूळ कलाकारांचीच असते. डबिंगच्या कलाकारांची नावं सगळं संपल्यावर, अगदी शेवटच्या पाटीवर, काही सेकंदच येतात. स्ट्रीमिंगवर 'पुढचा कार्यक्रम' अशी चौकट येऊन तेवढ्यातच चित्रपट बंद होतो, म्हणून आपोआप पुढे जाण्याची सोय आधी बंद करा.

तिथेही नाव नसेल तर चित्रपट प्रदर्शित झाला त्या वेळची अधिकृत घोषणा किंवा ट्रेलर पाहा. पण जपून: एकाच चित्रपटाचे एकाच भाषेत दोन डब असू शकतात, एक चित्रपटगृहासाठी आणि दुसरा टीव्हीसाठी. ट्रेलरमध्ये स्टार आणि टीव्हीवर भलताच आवाज, असं दिसलं तर बहुधा हेच कारण. चाहत्यांनी भरलेल्या याद्या सुरुवातीला उपयोगी, पुरावा म्हणून नाही.

८. गाणं सुरू झालं की आवाज बदलल्यासारखा वाटतो. भास आहे का?

भास नाही. १९९४ च्या 'लायन किंग'मध्ये मोठ्या सिंबाचं बोलणं मॅथ्यू ब्रॉडरिकचं, गाणं जोसेफ विल्यम्सचं. छोट्या सिंबाचं बोलणं जोनाथन टेलर थॉमसचं, गाणं जेसन वीव्हरचं. त्याच चित्रपटात खलनायक स्कारचं गाणं जेरेमी आयर्न्सनं सुरू केलं, पण शेवटचा भाग जिम कमिंग्जनं पुरा केला. जोड इतकी बेमालूम आहे की माहीत असूनही अनेकांना सापडत नाही. बोलणाऱ्याचं आणि गाणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत 'आवाज' आणि 'गायन' असं वेगळं शोधा.

९. बोलणारं खेळणं घेतलं, पण आवाज चित्रपटातला नाही. नकली आहे का?

तेवढ्यावरून नाही. चित्रपटाचा करार चित्रपटापुरता असतो; खेळणी, व्हिडिओ गेम, थीम पार्क यांचे वेगळे. स्टारला त्यासाठी वेळ नसतो किंवा त्याचे दर परवडत नाहीत. 'टॉय स्टोरी'चा वुडी चित्रपटात टॉम हँक्स बोलतो, पण गेम आणि खेळण्यांमध्ये बहुतेक ठिकाणी त्याचा भाऊ जिम हँक्स. सख्खा भाऊ असल्यानं पट्टी जवळपास तीच. अस्सल-नकली ठरवायचं तर आवाजावर जाऊ नका. वेष्टनावरचा हक्काचा छाप आणि उत्पादकाचं नाव पाहा.

१०. पुढच्या भागात माझ्या आवडत्या पात्राचा आवाज का बदलला?

पैसा, तारखा, भांडण (प्रश्न ४) ही नेहमीची कारणं. मुलांच्या बाबतीत कारण सरळ आहे: वय वाढलं की आवाज फुटतो. 'फाइंडिंग नीमो' (२००३) मध्ये नीमो होता ॲलेक्झांडर गूल्ड. 'फाइंडिंग डोरी' २०१६ मध्ये आला तेव्हा गूल्ड मोठा झाला होता आणि नीमो अजून लहानच होता. मग हेडन रोलेन्सला घेतलं, आणि गूल्डला एका ट्रक ड्रायव्हरच्या दोन ओळी दिल्या. जुन्या चाहत्यांनी तो बरोबर हुडकला.

११. कलाकार मध्येच वारला तर?

तीन वाटा आहेत. पहिली, सगळं पुन्हा करणं. 'श्रेक' आधी क्रिस फार्लीच्या आवाजात होणार होता. बहुतेक संवाद रेकॉर्ड झाल्यावर डिसेंबर १९९७ मध्ये तो गेला. माइक मायर्सला घेतलं, त्यानं एकदा रेकॉर्ड केलं, आणि मग पात्राला स्कॉटिश ढंग हवा म्हणून पुन्हा करायला लावलं. झालेलं ॲनिमेशनही त्यापायी बदलावं लागलं, कारण ओठ आवाजामागे चालतात (प्रश्न १).

दुसरी वाट, मिळताजुळता आवाज. 'टॉय स्टोरी'तल्या स्प्रिंगच्या कुत्र्याचा आवाज जिम वार्नी २००० मध्ये गेल्यावर ब्लेक क्लार्कनं घेतला. तिसरी, जुनं रेकॉर्डिंग. डॉन रिकल्स २०१७ मध्ये गेले तेव्हा 'टॉय स्टोरी ४'साठी त्यांचं काम झालेलंच नव्हतं. कुटुंबाच्या संमतीनं आधीच्या भागांतल्या आणि इतर कामांतल्या ओळी शोधून बटाटेरावांचे (मिस्टर पोटॅटो हेडचे) संवाद उभे केले.

१२. काही आवाज प्रत्येक चित्रपटात असतात म्हणे. कुणाला शोधायचं?

जॉन रॅट्झेनबर्गर. १९९५ च्या 'टॉय स्टोरी'तल्या पिगी बँकपासून दोन दशकांहून जास्त काळ तो पिक्सारच्या चित्रपटांत कुठे ना कुठे असायचाच. डिस्नेकडे ॲलन ट्युडिक: 'फ्रोझन'मध्ये 'ड्यूक ऑफ वेसलटन', तर 'झूटोपिया'त जवळपास त्याच नावाचा चोरटा वीझल (मुंगसासारखा दिसणारा प्राणी), आणि 'मोआना'त नुसतं कॉक-कॉक करणारा कोंबडा. शोधताना मुख्य पात्रांकडे पाहू नका. पहारेकरी, दुकानदार, उद्घोषक यांच्याकडे कान ठेवा.

१३. देशानुसार पात्रच बदलतं, हे खरं?

क्वचित. 'झूटोपिया' (२०१६) मध्ये बातम्या देणारा प्राणी मुळात मूस (मोठ्या शिंगांचं हरणाच्या कुळातलं जनावर) आहे. चीनमध्ये तो पांडा झाला, ऑस्ट्रेलियात कोआला, ब्राझीलमध्ये जॅग्वार, जपानमध्ये तानुकी (रॅकूनसारखा दिसणारा तिथला प्राणी). अशा ठिकाणी त्या देशातला ओळखीचा आवाज घ्यायला सोपं जातं. पात्र छोटं असेल तरच हे परवडतं.

१४. आवाजासाठी ऑस्कर मिळतं का?

वेगळा विभाग नाही, आणि अभिनयाच्या विभागांत केवळ आवाजासाठी आजवर कुणाला नामांकनही नाही. २००२ पासून दिलं जाणारं ॲनिमेशनपटाचं ऑस्कर चित्रपटाला मिळतं. आवाजाची दखल ॲनिमेशनसाठीचे ॲनी आणि टीव्हीसाठीचे एमी पुरस्कार घेतात. 'श्रेक'मधल्या गाढवासाठी एडी मर्फीला ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्काराचं सहायक अभिनेत्याचं नामांकन मिळालं होतं.

१५. स्टारच्या आवाजातली क्लिप आली आहे. खरी की एआयची?

आधी स्रोत: स्टुडिओच्या किंवा कलाकाराच्या अधिकृत खात्यावर ती आहे का? नसेल तर पुढे पाठवू नका. मग कान: वाक्यांमध्ये श्वास आहे का, ओरडताना आवाज फाटतो का, हसता हसता बोलताना शब्द मोडतात का. कृत्रिम आवाज इथे घसरतो. पण दरवर्षी कमी घसरतो, त्यामुळे केवळ कानावर विसंबू नका.

संमती असेल तर असं करणं बेकायदा नाही. जेम्स अर्ल जोन्स यांनी २०२२ मध्ये 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरचा आपला आवाज असा घडवायला परवानगी दिली. संमतीशिवाय मात्र अडचण आहे. अनिल कपूर यांचं नाव, प्रतिमा आणि आवाज यांना दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये संरक्षण दिलं, आणि अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या नकलेवर मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये बंदी घातली. रॉबिन विल्यम्सनं तर मागे ठेवलेल्या व्यवस्थेत स्वतःच्या प्रतिमेच्या वापरावर मृत्यूनंतर २५ वर्षं, म्हणजे २०३९ पर्यंत, बंधन घातलं. "गंमत म्हणून केलं" हा बचाव फार चालत नाही.

१६. आवडत्या प्रसंगाचं घरी डबिंग करून पाहायचं आहे. कसं करू?

कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर किंवा तीन बाजूंनी जाड पांघरुणं टांगून बसा. मोकळ्या भिंतींत आवाज घुमतो आणि तो नंतर निघत नाही. पंखा बंद. माइक तोंडापासून १५ ते २० सेंमीवर, आणि समोर नको, किंचित बाजूला, म्हणजे प-फ-ब-भ चे फटके थेट बसणार नाहीत. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. आवाजाची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला दुरुस्त होत नाही.

ओळीच्या आधी एकेक सेकंदाच्या अंतरानं तीन 'बीप' लावा; चौथा वाजायला हवा त्या क्षणी बोलायला सुरुवात करा. स्टुडिओतही हीच पद्धत असते. हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत, नाहीतर मूळ संवाद माइकमध्ये झिरपतो. शेवटी कुणीही न बोलता ३० सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करा. दोन ओळींमधल्या फटी भरायला तीच लागते.

नवखे लोक चित्र पाहून ओळ वाचतात आणि अडखळतात. आधी ओळ पाठ करा, मग नजर फक्त पात्राच्या तोंडावर ठेवा. क्लिप सार्वजनिक टाकली तर हक्कदार ती काढायला लावू शकतो. सरावासाठी स्वतःचं किंवा मुक्त परवान्याचं ॲनिमेशन बरं.

१७. कलाकार भेटला तर 'तो आवाज काढा ना' म्हणावं का?

एकदा विचारा; नाही म्हणाला तर विषय संपवा. कर्कश किंवा घोगरा आवाज घशाला ताण देतो, आणि दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग असेल तर एक ओळही महागात पडते. शिवाय करारात पात्राच्या आवाजाचा जाहीर वापर बांधलेला असू शकतो. म्हणून न विचारता मोबाइल पुढे धरू नका. डबिंग आर्टिस्टला भेटलात तर पात्राचं आणि चित्रपटाचं नाव घेऊन सांगा. 'तुम्ही अमक्या स्टारचा आवाज ना?' यापेक्षा ते जास्त आवडतं.

१८. आवाज हुबेहूब एका सुपरस्टारचा, पण नाव भलतंच. असं होतं?

होतं. १९९१ मध्ये 'द सिम्पसन्स'च्या एका भागात मायकेल जॅक्सन बोलला, पण कराराच्या अडचणींमुळे श्रेयनामावलीत 'जॉन जे स्मिथ' असं नाव होतं. त्याहून मजा म्हणजे बोलणं त्याचं, आणि गाणं मात्र हुबेहूब गाणाऱ्या किप लेननचं. कितीतरी चाहत्यांनी नेमका उलटा अंदाज केला होता. म्हणून नाव न जुळणारा आवाज सापडला तर बोलणं आणि गाणं वेगवेगळं ऐका, प्रश्न ७ ची पायरी पुन्हा करा, आणि मगच पैज लावा.